दुसऱ्या भागातला नायक मूळचा कुठला?

ऐरोलीच्या चार महाविद्यालयीन मित्रांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. खाडीकाठच्या एका काल्पनिक राज्यावर त्यांनी मराठीतून एक छोटा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतो असा गेम, तयार केला. त्यात खेळणाऱ्याला मानव, यक्ष, नाग आणि राक्षस या चार वंशांपैकी एक निवडता येत होता आणि त्याच्या जोडीला गडावरचा शिलेदार, मिठागरात राबणारा मजूर किंवा घाटावरून माल उतरवणारा व्यापारी यांपैकी एक पार्श्वभूमी घेता येत होती. आता दुसरा भाग लिहायचा आहे. एकाचे म्हणणे असे की फक्त मानव ठेवावा, दुसऱ्याला आणखी दोन वंश हवे आहेत, तिसऱ्याला जुनाच नायक परत आणायचा आहे आणि चौथ्याला 'वंश' हा शब्दच खटकतो. मी बरीच वर्षे ठाण्यात दर रविवारी टेबलावरचे रोल-प्लेइंग गेम चालवत आलो आहे आणि पोटापाण्यासाठी गेमचे संवाद व क्वेस्ट (नायकाला दिलेल्या कामगिऱ्या) लिहितो, त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे. चौथ्या मित्राचा मुद्दा शेवटी घेतो, कारण मराठीत लिहिणाऱ्यांसाठी त्यात बरेच काही दडलेले आहे.

आधी हिशेब पाहू. चार वंश आणि तीन पार्श्वभूमी मिळून बारा नायक होतात आणि पहिल्या भागाचे शेवट दोन असतील, तर दुसऱ्या भागाच्या पहिल्या दृश्यात उभ्या राहू शकणाऱ्या व्यक्ती चोवीस होतात. खेळणारा त्यांतील एकच पाहतो, लिहिणाऱ्याला मात्र चोवीसही जणांचे भान ठेवावे लागते. पहिल्या भागात दिलेली निवड ही एक प्रकारची उधारी असते आणि ती पुढच्या भागात दामदुपटीने फेडावी लागते. सिक्वेलमध्ये वंश कमी केले की खेळणारे लेखकांना आळशी ठरवतात. बहुतेक वेळा कारण या हिशेबात असते.

ही कात्री जुनीच आहे. 'अल्टिमा' या गेम-मालिकेच्या १९८३ मधील तिसऱ्या भागात मानव, एल्फ (टोकदार कानांचे लोक), ड्वार्फ (बुटके, दणकट लोक) असे पाच वंश होते. १९८५ च्या चौथ्या भागात ती निवडच काढून टाकली गेली आणि तिच्या जागी एक भविष्य सांगणारी स्त्री आली. ती प्रत्येक वेळी दोन सद्गुणांना एकमेकांसमोर उभे करणारा पेच घालते आणि तुमच्या उत्तरांवरून तुमचा पेशा व सुरुवातीचे गाव ठरवते. नायक म्हणजे खेळणारा स्वतःच, हे त्या भागाचे सूत्र असल्यामुळे वंश गेल्याची चुटपुट तिथे फारशी लागत नाही. काढलेल्या निवडीच्या रिकाम्या जागेत त्यांनी दुसरी, तितकीच खासगी निवड ठेवली होती.

या विषयावरचे सर्वांत चांगले शिक्षण मात्र 'ड्रॅगन एज' मालिकेतून मिळते, म्हणून तिथे थोडा अधिक वेळ थांबतो. २००९ च्या पहिल्या भागात सहा वेगवेगळ्या सुरुवाती होत्या आणि प्रत्येक सुरुवात हा खेळता येण्याजोगा स्वतंत्र अध्याय होता. त्यांतील ड्वार्फ लोकांचे ओर्झामार हे भूमिगत राज्य आपल्याकडच्या वाचकाला लगेच ओळखीचे वाटावे असे आहे, कारण तिथला समाज जन्मजात जातींत विभागलेला आहे आणि जातीबाहेर ढकललेल्यांच्या चेहऱ्यावर तशी खूण गोंदलेली असते. तुम्ही त्या वस्तीतून सुरुवात केली असेल, तर कथेच्या मध्यावर राजकीय तंटा सोडवायला त्याच नगरात परतता, तेव्हा तुम्ही जगाला वाचवायला निघालेल्या दलाचे सदस्य असूनही सरदार तुमच्या तोंडावरची खूण आधी पाहतात. तुमची बहीण मात्र आता राजपुत्राच्या घरात असते. राजघराण्यातून सुरुवात केलेल्या खेळाडूला त्याच नगरात, त्याच तंट्यात, ज्याने आपल्याला देशोधडीला लावले तो भाऊच समोर भेटतो. नगर एक, क्वेस्ट एक. पाहणाऱ्यांची नजर तेवढी वेगळी. वंश आणि पार्श्वभूमी यांचा उपयोग म्हणतात तो हा.

२०११ च्या दुसऱ्या भागात हे सगळे आवरते घेतले गेले. नायक हॉक, मानवच, आणि प्रथमच पूर्ण आवाज दिलेला. अनेकांनी त्यावर नाके मुरडली. मीही मुरडले होते. आज लेखक म्हणून पाहताना त्यांनी केलेली भरपाई मला अधिक दिसते. वंशाच्या जागी त्यांनी कुटुंब ठेवले: तुम्ही जादूगार असाल तर भाऊ जगतो आणि बहीण मरते, नसाल तर उलट होते, हॉकची चेहरेपट्टी जशी ठरवाल त्याप्रमाणे घरच्या माणसांचे रूपही बदलते. म्हणजे पेशाची निवड हीच पार्श्वभूमी झाली. दोष राहिला तो दुसरीकडेच. जादूगारांवर पहारा ठेवणाऱ्या टेम्प्लर लोकांच्या शहरात नायक त्यांच्यासमोर खुशाल जादू करतो आणि कोणी त्याला हटकत नाही. निवड दिली, पण जगाने ती पाहिली नाही, अशी ही चूक आहे आणि तुमच्या गेममध्ये हीच सर्वांत आधी शिरेल.

२०१४ च्या तिसऱ्या भागात नायक आधी मानवच राहणार होता. कामाची मुदत वाढली तेव्हा चार वंशांची निवड परत आली. मात्र खेळता येणाऱ्या स्वतंत्र सुरुवाती परत आल्या नाहीत, त्यांची जागा संवादांतील उल्लेखांनी आणि नकाशावरील लहान मोहिमांनी घेतली. तरीही एक योजना फार सुंदर साधली आहे: अरण्यात राहणाऱ्या, वेगळ्या देवांना मानणाऱ्या एल्फ नायिकेला मानवांच्या धर्मातील प्रेषितेची दूत म्हणून लोक डोक्यावर घेतात आणि तिला प्रत्येक नमस्काराला काहीतरी उत्तर द्यावे लागते. २०२४ च्या भागात वंश आणि सहा गट यांची हवी तशी जुळणी करता येते, जग प्रामुख्याने गटाला प्रतिसाद देते आणि आधीच्या भागातील केवळ तीनच निर्णय पुढे आणले जातात. ओझे उतरवण्याचा हा मार्ग मला समजतो, आवडत मात्र नाही.

याच्या उलट टोकाला 'एल्डर स्क्रोल्स' मालिका आहे. २००२ च्या 'मॉरोविंड'पासून २०११ च्या 'स्कायरिम'पर्यंत दहाच्या दहा वंश टिकले, पण त्यांचा अर्थ हळूहळू पातळ होत गेला. 'मॉरोविंड'मध्ये मार्जारवंशी खजीत आणि सरड्यांसारखे आर्गोनियन यांना पायाच्या ठेवणीमुळे बूट घालता येत नसत, त्यांचेच जातभाई गुलाम म्हणून राबताना दिसत, आणि तुम्ही खजीत असाल तर तो गेम खरोखरच वेगळा वाटे. 'स्कायरिम'मध्ये खजीत व्यापाऱ्यांच्या तांड्यांना शहराच्या तटाबाहेर राहुट्या ठोकून राहावे लागते, परंतु खजीत नायक वेशीतून सरळ आत जातो. विंडहेल्ममध्ये आर्गोनियन मजुरांना बंदरावरच राहण्याची सक्ती आहे, मात्र आर्गोनियन नायकाला खाणावळीत खोली मिळते. नियम जगाला आहे, तुम्हाला नाही. याच गेममध्ये ऑर्क या दांडग्या, सुळेवाल्या लोकांच्या वस्त्या हा चांगला अपवाद आहे: ऑर्क नायकाला दार उघडते, बाकीच्यांना आधी एक कामगिरी पार पाडून आपली लायकी दाखवावी लागते. त्या एका दारासाठी लिहिणाऱ्यांना फार कष्ट पडले नसतील, पण ऑर्क म्हणून खेळलेला माणूस ते दार विसरत नाही.

दोन टोकांमधली एक वाट 'बाल्डर्स गेट'ने १९९८ मध्येच दाखवली होती. तिथे वंश मोकळा, पार्श्वभूमी मात्र सर्वांची एकच: कॅंडलकीप या ग्रंथालय-दुर्गात वाढलेले पोरके मूल, सांभाळ करणारा गोरायन, आणि रक्तातले एक रहस्य. त्यामुळे २००० साली दुसरा भाग आला तेव्हा तोच नायक जसाच्या तसा पुढे नेता आला. कथेचा कणा वंशावर उभा नव्हताच. उलट त्या भागात हाफ-ऑर्क हा एक वंश वाढला, तरी काही बिघडले नाही. तुमच्या तिसऱ्या मित्राला जुना नायक परत आणायचा असेल, तर त्याने पहिल्या भागात असा सर्वांना समान धागा होता का, हे आधी तपासावे. तो नसेल तर आता ओढूनताणून जोडू नये.

आणखी एक गोष्ट मी नव्या लेखकांना नेहमी सांगतो. वंशाला विशेषणाऐवजी क्रियापद द्यावे. २०१४ च्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'मध्ये दोन्ही नायक मानव होते, २०१७ च्या दुसऱ्या भागात एल्फ, ड्वार्फ, सरड्यांसारखे लिझर्ड आणि या सर्वांची मृतावस्थेतील रूपे आली. तिथे एल्फ मृताचे मांस खाऊन त्याच्या आठवणी जाणू शकतो, लिझर्डला जमीन उकरायला फावडे लागत नाही, मृत नायकाला विष औषधासारखे लागू पडते, तो हाडाच्या बोटांनी कुलूप उघडतो आणि गावात जाताना त्याला तोंड झाकावे लागते. असे नियम एकदा बांधले की शंभर दृश्यांत आपोआप कामाला येतात आणि प्रत्येक पात्राच्या तोंडी 'अरेच्चा, तू लिझर्ड!' असे वाक्य घालत बसावे लागत नाही. तुमच्या नागाला खारे पाणी सोसते का, यक्षाला पुरलेले धन जाणवते का, राक्षसाला दिवसा झोप येते का, हे ठरवा. कुबेराचे सेवक आणि धनाचे रक्षक अशी यक्षांची ओळख आपल्याकडे आयती तयार असताना ती वाया घालवणे बरे नव्हे.

शरीरांच्या खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुमचा गेम द्विमितीय आहे. माझ्या एका जुन्या नोकरीत सिक्वेलसाठी सहा वंश ठरले होते. प्रत्येक शिरस्त्राण शिंगे असलेल्या आणि नसलेल्या डोक्यांवर वेगवेगळे बसवावे लागले, आणि बुटक्या नायकाला त्याची आई मिठी मारते त्या भावुक दृश्यात कॅमेऱ्याला केवळ आईचा कमरपट्टा दिसत होता. ते दृश्य दुरुस्त करण्यात इतके दिवस गेले की शेवटी मिठीच काढून टाकली. दुसऱ्या मित्राच्या दोन जादा वंशांना माझा नकार आहे, त्यामागे हा कमरपट्टाही आहे.

सिक्वेलपुरता खास असा एक मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे आयुर्मान. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीत एल्फ साडेसातशे वर्षांपर्यंत, ड्वार्फ सरासरी साडेतीनशे वर्षे आणि माणूस शंभरीच्या आत जगतो. 'एल्डर स्क्रोल्स'मधील 'ऑब्लिव्हियन' आणि त्यानंतरचा 'स्कायरिम' यांच्या कथांमध्ये दोनशे वर्षांचे अंतर आहे, म्हणजे मधल्या काळात माणसांच्या कितीतरी पिढ्या गेल्या. माझ्या टेबलावर एकदा पहिल्या कॅम्पेननंतर (अनेक सत्रांत चालणाऱ्या कथेनंतर) कथेतल्या साठ वर्षांनी दुसरे सुरू केले, तेव्हा एल्फ खेळणारी मैत्रीण आपले तेच पात्र घेऊन बसली आणि मानव खेळणाऱ्या दोघांना आपल्याच पात्रांचे नातू खेळावे लागले. पहिल्या सत्रात त्या एल्फने नातवाला सांगितले, 'तुझा आजा असाच उंबऱ्यात अडखळायचा.' तसे वाक्य मला ठरवून सुचले नसते. दोन भागांमध्ये किती वर्षे ठेवायची हे तुम्ही ठरवाल, तेव्हा कोणत्या वंशाला आठवण राहील आणि कोणत्या वंशाकडे केवळ ऐकीव गोष्टी उरतील, हेही त्याबरोबरच ठरते.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्या भागातील पार्श्वभूमी पहिल्या भागाच्या परिणामांतून जन्माला यावी. ऐरोलीत राहणाऱ्यांना याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागणार नाही. १९७० साली शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. त्याआधी इथल्या माणसाची ओळख आगरी, कोळी, शेतकरी, मिठागरवाला अशी असे. 'प्रकल्पग्रस्त' ही ओळख तेव्हा अस्तित्वातच नव्हती, ती शहराने निर्माण केली. पुढच्या पिढीत गावठाणातला आणि सेक्टरमधला असा भेद आला, घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातील साडेबारा टक्के भूखंडाची वाट पाहणारी घरे आली, आणि चाळीस वर्षे इथे काढलेल्या साताऱ्याच्या माणसालाही 'मूळचे कुठले?' हा प्रश्न आजवर विचारला जातो. शहराचा जणू दुसरा भाग सुरू झाला आणि निवडीची यादी पूर्ण बदलली. 'ड्रॅगन एज'च्या तिसऱ्या भागातील जादूगार नायकाचेही तसेच आहे: जादूगारांना पहाऱ्यात ठेवणाऱ्या ज्या मठात तो वाढला ती व्यवस्था दुसऱ्या भागाच्या शेवटी पेटलेल्या युद्धात मोडली, म्हणून त्याला ती पार्श्वभूमी मिळाली.

तेव्हा माझा सल्ला असा. नायक नवा घ्या, वंश चारच ठेवा किंवा जीव अपुरा पडत असेल तर मानव, नाग आणि यक्ष एवढे तीन ठेवा. वगळलेला राक्षस मात्र जगातून नाहीसा करू नका, तो इतर पात्रांत ठळकपणे दिसू द्या आणि तो नायक का नाही याचे कारण कथेत असू द्या. शिलेदार, मजूर, व्यापारी ही जुनी यादी फेकून द्या. पहिल्या भागाच्या शेवटी गड पडला असेल तर गड पडताना पळालेल्याचे पोर, गड ज्यांनी लुटला त्यांच्या घरातले पोर, आणि या सगळ्याशी संबंध नसलेला, नंतर येऊन वसलेला उपरा अशा तीन पार्श्वभूमी घ्या. गड वाचला असेल तरीही हेच तिघे थोड्या फरकाने चालतील, आणि जुने दोन शेवट वेगवेगळे सांभाळण्याचे ओझे बरेच हलके होईल. मग एक खतावणी करा: उभ्या रकान्यांत वंश व पार्श्वभूमी, आडव्या ओळींत दृश्ये, आणि जिथे जग नायकाला वेगळे वागवते तिथे खूण. एखाद्या रकान्यात पाचापेक्षा कमी खुणा आल्या, तर तो पर्याय फक्त कातडीचा रंग आहे असे समजून काढून टाका.

राहिला शब्दाचा प्रश्न. 'वंश' खटकणाऱ्या मित्राची शंका रास्त आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने २०२४ च्या नियमांत 'वंश' या अर्थाचा 'रेस' हा इंग्रजी शब्द बदलून 'प्रजाती' या अर्थाचा शब्द घेतला आणि शक्ती, चपळाई वगैरेंवरचे गुण वंशावरून काढून पार्श्वभूमीकडे सोपवले. मराठीत 'जात' म्हणणे अशक्यच आहे, 'जमात' म्हटले की सरकारी दाखला आठवतो, 'कूळ' म्हटले की कूळकायदा आठवतो आणि 'प्रजाती' म्हटले की जीवशास्त्राचे पुस्तक उघडते. मी 'गण' सुचवीन. पत्रिका जुळवताना देवगण, मनुष्यगण, राक्षसगण हे शब्द आपल्या घरांत बोलले जातातच, त्यामुळे यक्षगण, नागगण कानाला परके वाटत नाहीत. पार्श्वभूमीसाठी पडद्यावर काहीच शीर्षक नको. वेशीवरच्या पहारेकऱ्याने 'मूळचे कुठले?' असे विचारावे आणि खेळणाऱ्याने उत्तर निवडावे.

त्या पहारेकऱ्याचे वाक्य लिहिताना मराठी तुम्हाला एक सवलत देते आणि तिची किंमतही घेते. इंग्रजी गेममध्ये पहारेकरी सरदाराला आणि मजुराला एकाच सर्वनामाने हाक मारतो, म्हणून मानाचा फरक दाखवायला वेगळे वाक्य लागते. आपल्याकडे 'कोण रे तू?' आणि 'आपण कोण?' एवढ्यातच पार्श्वभूमी कळते. किंमत अशी की 'तू आलास' आणि 'तू आलीस' ही दोन वाक्ये होतात, तर 'तुम्ही आलात' हे पुरुषाला आणि स्त्रीला सारखेच चालते; म्हणजे ज्याला जग 'तू' म्हणते त्या नायकाचा मजकूर, ज्याला 'तुम्ही' म्हणते त्याच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट होतो. यावर तोडगा व्याकरणातच आहे. 'काय केलंस?', 'दार कसं उघडलंस?', 'कुणाला विचारलंस?' अशा सकर्मक भूतकाळी वाक्यांत नायकाचे लिंग उमटत नाही. पहारेकऱ्याला, दुकानदाराला, नावाड्याला शक्यतो असेच बोलायला लावा आणि 'आलास-आलीस'चा खर्च आई, भाऊ, जुना शत्रू अशा जवळच्या पात्रांसाठी राखून ठेवा. मिठागराकडचे पात्र आगरी बोलीत बोलणार असेल तर ते संवाद ती बोली घरी बोलणाऱ्याकडून लिहून घ्या आणि ते पात्र विनोदासाठी वापरू नका. तुमच्या गेममधल्या एखाद्या न्यायाधीशाला ती बोली देऊन पाहा.

जुन्या सेव्ह फाइलमधून, म्हणजे खेळणाऱ्याने जपून ठेवलेल्या पहिल्या भागाच्या नोंदीतून, फक्त एकच गोष्ट पुढे न्या: पहिल्या नायकाचा गण. दुसऱ्या भागात वेशीपाशी त्याचा दगडी पुतळा उभा करा. चार चित्रे पुरतील, आणि नव्या नायकाचा गण तोच निघाला तर पहारेकरी एकदा पुतळ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहील, एवढेच करा.